मावशीच्या गच्चीवरचा नववा कागद

आमच्या प्रयोगशाळेत नमुने कापताना फोन बाहेरच्या कप्प्यात ठेवावा लागतो. हातमोजे घातलेले असतात, एका हातात चिमटा असतो, आणि बोटाचा साधा घाम लागला तरी नमुना बिघडतो. त्या दिवशी दुपारी मी बाहेर आले तेव्हा प्रकाशदादाचे सहा कॉल येऊन गेले होते. प्रकाशदादा म्हणजे माझ्या द्वारका मावशीचा मुलगा. तो एरवी मला फोन करत नाही, मावशी त्याच्या फोनवरून करते. मला वाटलं, तिनेच लावला असेल, रविवारी जेवायला ये म्हणायला. मी हसतच फोन लावला आणि म्हणाले, "काय वं मावशी, एवढी काय घाई?" पलीकडे मावशी नव्हती. मग दादा म्हणाला, "ज्योती... आई गेली वं."

फेब्रुवारीतली ती दुपार होती. आता एप्रिल संपत आला आहे आणि मी हे लिहायला बसले आहे. असं काही लिहायची मला सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे माणूस गेल्यावर त्याच्याविषयी कागदावर लिहितात हेही मला शहरात आल्यावरच कळलं. आमच्याकडे ओट्यावर बसून बोलतात. पण जे मला सांगायचं आहे ते ओट्यावर सांगण्याचा धीर मला झाला नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आमचं गाव काटोलच्या पुढे. बाबा एका बागायतदाराच्या संत्र्याच्या बागेत कामाला आहेत. बारावीनंतर मला नागपूरला शिकायला पाठवायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न राहायचं कुठे, हा होता. आईने तिच्या मोठ्या बहिणीला, म्हणजे मावशीला फोन केला. मावशीने विचार करायला एक मिनिटही घेतलं नाही असं आई सांगते. "पोरगी हाये का हत्ती हाये? राहील एका कोपऱ्यात," एवढंच ती म्हणाली. बी.एस्सी.ची तीन वर्षं मी त्या कोपऱ्यात राहिले. कोराडीच्या रस्त्याला लागून आत वळलं की तिचं दोन खोल्यांचं घर, वर सिमेंटची उघडी गच्ची आणि मागे पत्र्याच्या छपराखाली चूल. मावशी डबे करायची. ट्रकचे ड्रायव्हर, गॅरेजमधले लोक, एकटे राहणारे दोन-तीन मास्तर असे तिचे गिऱ्हाईक. पाटोडीचा रस्सा ही तिची खासियत. बेसनाच्या वड्या आणि झणझणीत लाल रस्सा, वर तेलाचा तवंग. तो चुलीवरच झाला पाहिजे असा तिचा नियम होता. प्रकाशदादाने गॅस आणून दिला होता, पण त्यावर फक्त चहा व्हायचा. "गॅसवरचा रस्सा म्हणजे दवाखान्यातलं जेवण," असं ती म्हणायची.

चुलीला लाकूड लागायचं ते बरंचसं आमच्या बाबांनी पाठवलेलं. बागेतली जुनी झाडं काढली की फांद्या कोणी विचारत नसे. बाबा त्या वाळवून, तोडून पोत्यात भरायचे आणि ओळखीच्या टेम्पोतून पाठवायचे. संत्र्याचं लाकूड जळताना एक किंचित गोडसर वास येतो. तीन वर्षं माझ्या ओढण्यांना, वह्यांना, केसांना तो वास होता. कॉलेजात एकदा एका मुलीने नाक मुरडून विचारलं होतं, "तू चुलीजवळ झोपते काय?" मी घरी येऊन रडले. मावशी भाकरी थापता थापता म्हणाली, "तिले सांग, हो म्हणावं, झोपते. म्हणून तर गरम हाये डोकं." मला हसू आलं... रडणं तिथेच राहिलं.

तिच्या स्वभावातली एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मावशीच्या घरातून मळकी वस्तू बाहेर जात नसे. रिकामे डबे परत आले की ती ते राखेने दोनदा घासायची, उन्हात उपडे ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी भरण्याआधी पदराने पुन्हा पुसायची. एखाद्या शेजारणीने वाटीभर साखर मागितली तर ती वाटीही आधी घासूनच जायची. "आपल्या घरचं भांडं दुसऱ्याच्या हाती जाते ना, तवा त्याच्यात आपलं तोंड दिसते," ती म्हणायची.

एम.एस्सी.ला मी होस्टेलवर आले. प्रकल्पासाठी सरांनी विषय दिला तो हवेतल्या अतिसूक्ष्म धूलिकणांचा. केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक असे हे कण श्वासाबरोबर थेट फुप्फुसात खोल जातात. त्यांत माती असते, राख असते आणि बरीचशी कार्बनची, म्हणजे सेंद्रिय संयुगं असतात. ती संयुगं आली कुठून, हे शोधायचं होतं. मला हा विषय फार आवडला, कारण प्रत्येक धूर आपली खूण सोडतो. लाकूड जळलं की त्यातून साखरेच्या जातीचं एक संयुग तयार होतं, ते डिझेलच्या धुरात सापडत नाही. इंजिनाच्या तेलाची खूण वेगळी, तळणाची वेगळी, कोळशाची वेगळी. एका पांढऱ्या गाळणकागदावरून दिवसभर हवा ओढून घ्यायची आणि त्यावर बसलेल्या काजळीतून या खुणा वेगळ्या काढायच्या. सरांनी विचारलं, वाहत्या रस्त्याजवळ, वस्तीतली एखादी गच्ची मिळेल का? मी लगेच मावशीच्या घराचं नाव सांगितलं. मला अभिमान वाटला होता. माझ्या मावशीची गच्ची विज्ञानाच्या कामाला येणार होती.

यंत्र चढवलं त्या दिवशी अर्धी गल्ली जमा झाली. लोखंडी पेटी, वर टोपीसारखं झाकण आणि आत घरघरणारी मोटार. समोरच्या काकांनी खालूनच विचारलं, "द्वारकाबाई, थंडीत कूलर कायले लावून राहिल्या गच्चीवर?" मावशी कठड्यावरून वाकून म्हणाली, "कूलर नाई गा, हे हवा पीते. माह्या पोरीचं मशीन हाये. किती घाण पोटात घेता तुम्ही, ते सांगते." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "सांगते ना वं?" मी हो म्हणाले. तिने कागद हातात मागितला. मी म्हणाले, हात नाही लावायचा, हा भट्टीत भाजून आणलाय, फॉइलमध्ये गुंडाळलाय, यावर कुठलंच नाव-निशाण नको. ती लांबूनच बघत राहिली. "किती पांढरा हाये... आणि मंग हा कोणाले दाखवतं तू?" "सरांना. मग मोठ्या संस्थेत जातो तपासायला." "त्याच्यावर आपल्या घराचं नाव राहते?" मी पाकीट दाखवलं. त्यावर मी लिहिलं होतं, द्वारका मावशींचे घर, गच्ची, नमुना एक. तिला वाचता येत नव्हतं. पण कुठल्या अक्षरात तिचं नाव आहे ते तिने बोट न लावता विचारून घेतलं.

तेव्हा तिचा खोकला सुरू झालेला होता. जिना चढून वर आली की ती कठड्याला धरून उभी राहायची आणि "काई नाई, ठसका हाये" म्हणायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फुप्फुसं कमजोर झाल्याचं सांगितलं होतं, आणि चूल बंद करा असंही. प्रकाशदादा मागे लागला होता. मावशी ऐकत नव्हती. तिचं म्हणणं, धूर तर रस्त्यावरच्या ट्रकांचा आहे, छत बघा, कपडे बघा, काळे होतात ते काय चुलीने? एक दिवस जेवताना दादा चिडला तेव्हा तिने ताट सरकवलं आणि माझ्याकडे बोट केलं. "हे शिकून राहिली ना? हिचं मशीन सांगन. त्या कागदात माह्या चुलीचं नाव निघालं तर मी माह्या हातानं चूल फोडून टाकीन. नाई निघालं, तर तू पुन्हा बोलू नको." दादा म्हणाला, "ठरलं." मीही म्हणाले, ठरलं... किती सहज म्हणाले मी.

त्या हिवाळ्यात मी आठ नमुने घेतले. प्रत्येक वेळी सकाळी जाऊन नवा कागद लावायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काढायचा. मावशी आधीच विचारून ठेवायची, "कोणत्या दिवशी येतं?" आणि मी तारीख सांगायची. पाहुण्याने न सांगता येऊ नये, एवढीच माझी समजूत. मी गेले की गच्ची धुतलेली असायची. अंगणात सडा असायचा. एकदा तर शेजारच्या बाईशी तिची वादावादी चालली होती, "आज कचरा पेटवू नको म्हटलं ना तुले! पोरीचं मशीन हाये आज." मी हसले आणि तिला समजावलं की मावशी, रोजच्यासारखंच राहू दे, मला रोजचीच हवा पाहिजे. "हो हो, रोजच्यासारखंच हाये," ती म्हणाली. नमुना काढून निघताना ती डबा द्यायची. एकदा होस्टेलवर तो खाऊन मी तिला फोन केला, "मावशी, आज रश्शाले चव नाई." ती म्हणाली, "तुह्या तोंडाले चव नाई, अभ्यास करून करून." मला त्याचं काहीच वाटलं नाही. रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलीला चवीतला फरक कळला आणि त्याचं कारण शोधावंसं वाटलं नाही, हे मी आता रोज आठवते.

नववा कागद हा खरं तर नमुना नव्हताच. मध्ये यंत्राची मोटार बिघडली. ती दुरुस्त करून परत बसवली तेव्हा ती नीट ओढते का ते बघायला मी उरलेला एक भाजलेला कागद लावला आणि चोवीस तास चालवलं. नमुन्याचा दिवस नव्हता म्हणून मावशीला आधी कळवलं नव्हतं. दुरुस्तीवाल्याला घेऊन गेले तेव्हा ती डबे पोहोचवायला गेली होती, आणि परत आली तोवर मी निघून गेले होते; रस्त्याच्या आवाजात वरची घरघर तिला ऐकू गेली नसावी. दुसऱ्या दिवशी कागद काढला तर तो चहा सांडल्यासारखा तपकिरी, जवळजवळ काळा. आधीचे सगळे राखी रंगाचे होते. मला वाटलं, मोटार जास्त हवा ओढते आहे, दुरुस्ती बरोबर झालेली नाही. मोटार पुन्हा नेली आणि त्या कागदाच्या पाकिटावर "मोटार चाचणी" असं लिहून फ्रीझरच्या तळाशी टाकून दिलं. सरांनाही दाखवला नाही. इतरांपेक्षा वेगळा दिसतो म्हणून तो चुकीचा, असं मीच ठरवलं.

आठ नमुन्यांचे निकाल यायला बरेच महिने लागले. ते आले तेव्हा पोळा जवळ आला होता. डिझेलच्या खुणा भरपूर, इंजिनतेलाच्या भरपूर, थोडा कोळसा, आणि लाकडाची खूण मात्र अगदी कमी, दूरवरून वाऱ्याने आली असावी इतकीच. मी त्याच संध्याकाळी मावशीकडे गेले. आनंदात गेले, हे कबूल करते. तिला जे ऐकायचं होतं तेच माझ्या कागदात निघालं होतं. ती चुलीसमोर बसून फुंकणीने जाळ करत होती. मी सांगितलं. तिने फुंकणी खाली ठेवली. "म्हणजे चूल नाई?" "फारशी नाही, मावशी. रस्त्याचाच जास्त आहे." मला वाटलं होतं ती जिंकल्यासारखी हसेल. पण तिचा चेहरा गोंधळल्यासारखा झाला होता. "नीट पाह्यलं ना वं तुह्या मशीननं?" मी म्हणाले, आठ वेळा पाहिलं. "मंग बरं," ती म्हणाली, आणि खोकत खोकत पुन्हा फुंकणी उचलली. प्रकाशदादा त्यानंतर बोलला नाही. ठरलं होतं ना... पोळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत चूल रोज पेटत राहिली.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी आणि रेखावहिनी, प्रकाशदादाची बायको, मागे डबे घासत बसलो होतो. वहिनी राखेचा हात थांबवून सहज बोलल्यासारखं म्हणाली, "तुमचं मशीन आता नाई लावत का?" मी म्हणाले, काम संपलं. ती म्हणाली, "बरं झालं. मशीनच्या दिवशी आईची लय धावपळ व्हायची. सगळे डबे गॅसवर करायच्या. दोन शेगड्यांवर एवढे डबे, दुपार होऊन जायची." मला आधी समजलंच नाही. मी विचारलं, "गॅसवर काहून?" "चूल बंद राह्यची ना त्या दिवशी. आदल्या दिवशीच राख काढून सारवून ठेवायच्या. म्हणे, पोरीचे सर तो कागद हातात घेणार, त्याच्यावर आपल्या घराचं नाव लिवलं हाये. मळका कागद कसा द्यायचा सरांच्या हाती?"

मी हातातला डबा खाली ठेवला. मी विचारलं, "पण वहिनी, पैज लागली होती ना? चूल बंद ठेवली तर कागदात चुलीचं नाव कसं निघणार?" वहिनीने मान हलवली. "मी तेच म्हटलं होतं त्यायले. तर हसल्या. म्हणाल्या, 'एका दिवसानं काय होते वं? इतक्या वर्षांचा धूर हाये, भिंतीत हाये, हवेत हाये, तो काय लपते? आपण पाहुण्यापुरतं घर झाडतो, पण ज्योतीचं मशीन हुशार हाये. त्याले सगळं समजते.'"

म्हणजे तिने फसवलं नव्हतं. तिने घर आवरलं होतं, पाहुणा येणार म्हणून. आणि खरं काय ते यंत्राला तरीही दिसेल, असा तिचा माझ्या शिक्षणावर विश्वास होता. यंत्राला त्या दिवशीची हवा दिसते, तेवढीच दिसते, हे तिला सांगायचं माझं काम होतं. मी "रोजच्यासारखं राहू दे" म्हणून मोकळी झाले. तो गोंधळलेला चेहरा मला आता समजतो. तिला चुलीचं नाव निघण्याची खात्री होती. कदाचित चूल फोडायची तयारीही तिने मनात केली असेल... हे मी माझ्या मनाने लिहिते आहे, मला माहीत नाही. आणि मावशी धुरामुळेच गेली असंही मला लिहिता येणार नाही. ती रस्त्याचा धूरही तेवढाच पीत होती, वय होतं, इतर दुखणी होती. एका माणसाच्या मृत्यूचं असं विश्लेषण करता येत नाही. पण तिने मला एक प्रश्न विचारला होता आणि मी तिला चुकीचं उत्तर दिलं, एवढं मात्र मला नक्की माहीत आहे.

होस्टेलवर परत आले ती थेट प्रयोगशाळेत गेले. फ्रीझरच्या तळाशी "मोटार चाचणी" पाकीट बर्फाने चिकटलेलं होतं. हातमोजे घातले, फॉइल उलगडली. आणि थंड कागदावरून हळूच तो वास आला, गोडसर, संत्र्याच्या लाकडाचा. बाबांनी तोडलेल्या फांद्यांचा, माझ्या जुन्या ओढण्यांचा. मी कागद लगेच गुंडाळला, डोळ्यांतलं पाणी त्यावर पडू नये म्हणून.

सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते रागावतील. ते एवढंच म्हणाले, "मोटारीच्या दुरुस्तीची नोंद काढ. हवा ओढण्याचा वेग तपास." मी तपासला. मोटारीत काहीच दोष नव्हता, ती बरोबर चालली होती. सरांनी ओळखीने तो एक कागद तपासून घेतला. या महिन्याच्या सुरुवातीला निकाल आला. लाकडाची खूण इतकी ठळक होती की बाकीच्या खुणा तिच्यापुढे बारीक दिसत होत्या. एका दिवसाच्या एका कागदावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे सरांनी मला दोनदा सांगितलं, आणि ते बरोबरच आहे. प्रबंधात आता आठ नमुन्यांच्या तक्त्याखाली एक ओळ आहे, हे नमुने घरातली चूल बंद असताना घेतलेले आहेत. उरलेला अर्धा कागद फ्रीझरमध्येच आहे. पाकिटावरचं "मोटार चाचणी" खोडून मी लिहिलं, द्वारका मावशींचे घर, चूल चालू.

निकाल आल्यावर पहिल्या रविवारी मी कोराडी रस्त्याला गेले. मावशीच्या जागी आता रेखावहिनी बसते. गिऱ्हाइकांना तीच चव हवी, म्हणून तीही चुलीवरच रांधत होती, आणि पदराने डोळे पुसत होती. तिची चार वर्षांची मुलगी शेजारी पाटावर बसून पाटोड्या मोजत होती. मी तिथेच जमिनीवर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, माझी चूक कुठे झाली तेही. वहिनी रस्सा ढवळत ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "आईनं केलेली चूल हाये ते. मले नाई फोडवत." मी म्हणाले, "मी कुठे फोड म्हणते?" तिने मुलीकडे पाहिलं, मग जळतं लाकूड बाहेर ओढून त्यावर पाणी ओतलं.

परवा पुन्हा गेले होते. चूल जागेवरच आहे, सारवलेली, स्वच्छ, आत राखेचा कणही नाही, नमुन्याच्या दिवशी मावशी ठेवायची तशी. दोन मास्तरांनी डबा बंद केल्याचं वहिनीने सांगितलं, चव बदलली म्हणून. माझ्यापुढे तिने ताट ठेवलं आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. रश्शाला धुराचा वास नव्हता. मी वाटी पुढे केली आणि आणखी मागितला.